क्रिस्टल पॅलेस आणि दक्षिणेकडील रिले केंद्रे : डिजिटल बदलाच्या प्रकल्प नोंदी, २०१२

१६ जानेवारी २०१२, सोमवार

आज चमूच्या बैठकीत लंडनच्या दूरचित्रवाणीच्या अ‍ॅनालॉगकडून डिजिटलकडे होणाऱ्या बदलाचा क्रम पुन्हा एकदा ओळीने तपासून घेतला. क्रिस्टल पॅलेसच्या मनोऱ्यावरून बीबीसी टूचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण ४ एप्रिल रोजी बंद होईल आणि उरलेल्या वाहिन्यांचे १८ एप्रिल रोजी. दक्षिण लंडनमधील हा २१९ मीटर उंचीचा पोलादी मनोरा १९५६ पासून प्रक्षेपण करतो आहे. त्याच्यावर, आणि त्याचा संदेश हवेतून उचलून दऱ्याखोऱ्यांत पुढे पाठवणाऱ्या पन्नासच्या आसपास रिले केंद्रांवर, मिळून एक कोटीहून अधिक लोक अवलंबून आहेत. ऑक्टोबर २००७ मध्ये कंब्रियातील व्हाइटहेवनपासून सुरू झालेले हे काम देशभरातल्या ११५० हून अधिक केंद्रांवर होत आले असून लंडन हा त्यातला सर्वांत मोठा टप्पा आहे. जुलैअखेर ऑलिंपिक सुरू होण्यापूर्वी तो आटोपलेला असणे सर्वांच्याच सोयीचे आहे. आमच्या चमूकडे मनोऱ्याच्या दक्षिणेला, नॉर्थ डाउन्सच्या टेकड्यांमधली काही रिले केंद्रे आहेत.

क्रम इतक्या बारकाईने का पाहावा लागतो, हे नव्याने आलेल्या सहकाऱ्यांसाठी येथे लिहून ठेवतो. सध्या क्रिस्टल पॅलेसवरून आयटीव्ही २३ व्या, बीबीसी वन २६ व्या, चॅनेल फोर ३० व्या आणि बीबीसी टू ३३ व्या चॅनेलवर, म्हणजे ठरावीक वारंवारता-पट्ट्यावर, प्रत्येकी १००० किलोवॅट प्रभावी शक्तीने जाते. डिजिटलचे मल्टिप्लेक्स, म्हणजे एकाच चॅनेलवर अनेक वाहिन्या एकत्र नेणारे गट, १९९८ पासून या चारांच्या मधल्या फटींत, सुमारे २० किलोवॅट एवढ्याच शक्तीवर दिवस काढत आहेत, कारण त्यांची शक्ती वाढवली तर शेजारच्या परगण्यातल्या अ‍ॅनालॉग चित्रावर मुंग्या येतील. पंगतीत एक पान उठल्याशिवाय दुसरे बसत नाही, तसे अ‍ॅनालॉगने जागा सोडल्याशिवाय डिजिटलला पूर्ण शक्तीने तेथे बसता येत नाही. बदलानंतर सार्वजनिक सेवेचे तीन मल्टिप्लेक्स २३, २६ आणि ३० या चॅनेलांवर प्रत्येकी २०० किलोवॅटने जातील.

या निवडीत प्रेक्षकाचा विचार झालेला आहे, याचे मला मनापासून समाधान वाटते. नवे सर्व चॅनेल २१ ते ३७ या ‘अ’ गटातच ठेवले आहेत, त्यामुळे लंडनच्या छपरांवरील लाल टोपणाचे जुने अँटेना तसेच चालतील. ज्या भागांत गट बदलला, तेथे शिडी लावून अँटेना बदलण्याचा खर्च घराघरावर पडला आहे.

९ फेब्रुवारी २०१२, गुरुवार

काल हॅम्पशरमधील हॅनिंग्टन केंद्राच्या बदलाचा पहिला टप्पा झाला. दुसरा २२ तारखेला आहे. उत्तरेकडील, बेडफर्डशरमधील सँडी हीथ गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आणि पश्चिमेकडील ऑक्सफर्ड सप्टेंबरमध्ये पूर्ण झाले.

सँडी हीथचे सार्वजनिक मल्टिप्लेक्स आता २१, २४ आणि २७ वर आहेत. लंडनचे बदलानंतरचे सहा चॅनेल (तीन सार्वजनिक आणि तीन व्यापारी मल्टिप्लेक्सांचे) २२, २३, २५, २६, २८ आणि ३० असे आहेत. दोन्ही रांगा शेजारी ठेवून पाहिल्या की बेडफर्डशरच्या तीन चॅनेलांनी लंडनच्या रांगेतल्या मोकळ्या जागा नेमक्या व्यापल्याचे दिसते. हे वाटप २००६ च्या जिनिव्हा करारातून आलेल्या आंतरराष्ट्रीय आराखड्याला धरून आहे, आणि त्याचा अर्थ असा की आपल्या ट्रान्समीटरच्या चॅनेलबाहेर सांडणारी ऊर्जा कोणाच्या तरी घरात पोहोचणारच आहे. म्हणून प्रत्येक केंद्रावर गाळणीची, म्हणजे मास्क फिल्टरची, मापे कागदावर नोंदवल्याशिवाय काम संपले असे धरू नये, असा आग्रह मी आज पुन्हा धरला.

५ मार्च २०१२, सोमवार

टेकडीवरच्या पहिल्या रिले केंद्रावर नवी सामग्री बसवून झाली. हे केंद्र म्हणजे कुंपणातली एक विटांची खोली आणि तिच्यामागे झाडांच्या शेंड्यांपेक्षा जेमतेम उंच असा एक खांब आहे. खांबाच्या वरच्या टोकाला क्रिस्टल पॅलेसकडे तोंड केलेला ग्रहण अँटेना आहे आणि त्याच्या खाली दरीकडे तोंड केलेले प्रक्षेपण अँटेना आहेत. खालच्या गावाला मनोरा दिसत नाही. टेकडी मध्ये येते. त्यामुळे या गावात आजवर अ‍ॅनालॉगच्या चार वाहिन्या पोहोचल्या, परंतु डिजिटल कधी पोहोचलेच नाही, कारण छोट्या रिले केंद्रांना बदलापूर्वी डिजिटल चॅनेल देणे शक्यच नव्हते. शहरासाठी ४ एप्रिल हा शक्ती वाढण्याचा दिवस असेल; येथे त्या दिवशी डिजिटल प्रथमच येईल.

अडचण अशी आहे की ज्या संदेशावर हे केंद्र चालायचे आहे तो त्या रात्रीपर्यंत हवेत नसेल. २३ व्या चॅनेलवर आज आयटीव्हीचे अ‍ॅनालॉग आहे. त्यामुळे नव्या ट्रान्समीटरची चाचणी आम्ही संदेश-जनकाने घेतली आणि निघालेली शक्ती अँटेनाला न देता डमी लोडमध्ये, म्हणजे तिची उष्णता करणाऱ्या रोधात, जिरवली. ग्रहणाच्या बाजूचा अंदाज मात्र आजच्या अ‍ॅनालॉगवरूनच बांधता येतो. १००० किलोवॅटच्या जागी २०० किलोवॅट येणार, म्हणजे पातळी ७ डेसिबलने उतरणार. अ‍ॅनालॉगची मोजणी शिखरशक्तीची आणि डिजिटलची सरासरी शक्तीची असते, एवढे भान ठेवले की पुरे. म्हणून आज २३, २६ आणि ३० या तिन्ही चॅनेलांवरील चित्रवाहक लहरींची पातळी मोजून, त्यातून ७ वजा करून, येणारे आकडे तक्त्यात लिहून ठेवले आहेत.

२३ आणि २६ चे आकडे समाधानकारक आले. ३० व्या चॅनेलची पातळी मात्र २३ पेक्षा ६ डेसिबलने कमी भरली. मनोऱ्यावर चारही वाहिन्यांची शक्ती सारखी असताना एवढा उतार येथे दिसण्याचे कारण नाही.

७ मार्च २०१२, बुधवार

उताराचे कारण सापडले. आज खांबावर चढणाऱ्या सहकाऱ्याने ग्रहण अँटेनाच्या बुडाशी असलेला कनेक्टर सोडवून खाली आणला. वरून पाहता त्याच्यावरची चिकटपट्टी शाबूत दिसत होती, पण ती उलगडल्यावर आतून चमचाभर पाणी निघाले आणि मधल्या तांब्याच्या तारेवर हिरवा कळंक चढलेला दिसला. केबलच्या आतली तांब्याची जाळीही सुमारे हातभर अंतरापर्यंत काळी पडली होती. पाणी कनेक्टरच्या बाहेरून न शिरता, केबलच्या वरच्या वळणावर बाह्य आवरणाला पडलेल्या बारीक चिरेतून आत उतरत उतरत कनेक्टरपाशी साठत गेले होते.

हा दोष बहुधा कित्येक वर्षांपासूनचा असावा. अ‍ॅनालॉगमध्ये त्याची तक्रार आली नाही, कारण तेथे चित्र थोडे रवाळ होते आणि माणसे त्याला सरावतात. डिजिटलमध्ये ठरावीक मर्यादेपर्यंत चित्र निर्दोष राहते आणि ती मर्यादा ओलांडताच चौकटी तुटून पडदा गोठतो. मध्ये फारसे काही नसते. ६४-क्वाम या डिजिटल पद्धतीत संदेश गोंगाटापेक्षा साधारण २० डेसिबलने वर असताना ही कड येते. रिले केंद्राने उचललेल्या संदेशातला दोष पुढे प्रत्येक घरात जसाच्या तसा जातो, त्यामुळे आपल्याकडे या कडेपासून भरपूर अंतर राखलेच पाहिजे.

केबल पूर्ण बदलली, खोलीत शिरण्यापूर्वी तिला खालच्या बाजूस वळण ठेवले, म्हणजे पाणी आले तरी तेथून गळून जाईल. ३० व्या चॅनेलची पातळी आता इतर दोघांच्या बरोबरीला आली आहे. बाकीच्या केंद्रांवरही कनेक्टर उघडून पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे ठरवले.

२० मार्च २०१२, मंगळवार

४ एप्रिलच्या रात्रीसंबंधी एक बाब आज कागदावर नीट मांडली, कारण बोलण्यात ती वारंवार गोंधळाची होत होती.

त्या रात्री बीबीसी टू ३३ वरून जाईल आणि नवा मल्टिप्लेक्स २३ वर येईल. परंतु २३ वर आयटीव्हीचे अ‍ॅनालॉग आहे आणि त्याला १८ एप्रिलपर्यंत चालायचे आहे. म्हणून रिकाम्या झालेल्या ३३ वर दोन आठवड्यांपुरते आयटीव्ही हलवले जाईल. आता आमच्या केंद्रावरील जुनी यंत्रे प्रत्येकी एकच चॅनेल उचलून दुसऱ्या एका चॅनेलवर पाठवतात. त्यांच्या वारंवारता स्फटिकांनी पक्क्या केलेल्या आहेत. बीबीसी टूचे यंत्र ३३ ऐकते. मनोऱ्याने ३३ वर आयटीव्ही सोडले की आमचे हे यंत्र, त्याला हातही न लावता, बीबीसी टूच्या जागी आयटीव्ही दाखवू लागेल. त्यासाठी वेगळे ट्यूनिंग नको.

२३ ऐकणाऱ्या आयटीव्हीच्या यंत्राकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल. ते चालू राहिले तर मनोऱ्यावरून आलेला डिजिटल संदेश अ‍ॅनालॉग समजून पुढे ढकलील, आणि आमच्या नव्या ट्रान्समीटरला जो चॅनेल मिळणार आहे नेमक्या त्याच चॅनेलवर गोंगाट ओतील. म्हणून क्रम असा राहील : प्रथम आयटीव्हीचे जुने यंत्र बंद करायचे, त्याचा वीजपुरवठा काढून कुलूप लावायचे, मग मनोऱ्यावरून हिरवा संदेश येईपर्यंत थांबायचे, आणि त्यानंतरच नवा ट्रान्समीटर अँटेनाला जोडायचा. कुलपाची किल्ली केंद्रप्रमुखाच्या खिशात राहील.

४ एप्रिल २०१२, बुधवार

मध्यरात्रीनंतर, वारंवारतांनुसार शक्ती दाखवणाऱ्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरसमोर आम्ही तिघे होतो. ३३ वरची वाहक लहर नाहीशी झाली. २३ व्या चॅनेलवरचा, ४८७.२५ मेगाहर्ट्झवर इतकी वर्षे उभा असलेला चित्रवाहकाचा उंच सुळका आणि त्याच्या उजवीकडे ६ मेगाहर्ट्झवर असलेला ध्वनीचा ठेंगणा सुळका, दोन्ही एकदम खाली बसले. त्याआधीच आमच्या आयटीव्ही यंत्राला कुलूप लागलेले होते. काही वेळ पडद्यावर फक्त तळाचा गोंगाट होता. मग ४९० मेगाहर्ट्झ मध्याच्या दोन्ही बाजूंना सपाट पठार उभे राहिले. या पठारात ६८१७ वाहक लहरी शेजारी शेजारी बसलेल्या असतात. जुन्या पद्धतीत त्या १७०५ होत्या.

पातळी ५ मार्चच्या तक्त्यातल्या आकड्यापेक्षा अर्ध्या डेसिबलने कमी भरली, म्हणजे अंदाज बरोबर निघाला. ग्रहण केलेल्या संदेशाचा एमईआर (संदेशाच्या शुद्धतेचे माप) ३३ डेसिबल होता. ट्रान्समीटर आधी डमी लोडवर, मग कमी शक्तीने अँटेनावर आणि शेवटी पूर्ण शक्तीवर नेला. परतणारी शक्ती मर्यादेच्या पुष्कळ आत राहिली. शेजारच्या चॅनेलांवर सांडणाऱ्या ऊर्जेचे माप दोन वेळा घेतले आणि दोन्ही वेळा ते मास्कच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेच्या, आत होते.

उजाडल्यावर खालच्या गावात, रस्त्याकडेला गाडी उभी करून, मोजणीच्या अँटेनाने पाहणी केली. दरीच्या पलीकडच्या उतारावरही बीबीसीच्या डिजिटल वाहिन्या स्वच्छ मिळाल्या. या गावात त्या आज प्रथमच आल्या आहेत, ही गोष्ट मला मनोऱ्यावरच्या २०० किलोवॅटपेक्षा मोठी वाटते.

५ एप्रिल २०१२, गुरुवार

तक्रारींचा दिवस. बहुतेकांना डिजिटल पेटी (सेट-टॉप बॉक्स) नव्याने ट्यून करायची राहिली होती. बीबीसीचा मल्टिप्लेक्स २५ वरून २३ वर गेल्यामुळे जुनी यादी उपयोगाची राहिलेली नाही. काही तक्रारींचे मूळ मात्र वेगळे आहे आणि ते नोंदवणे आवश्यक आहे.

डॉलिस हिलमध्ये राहणाऱ्या ओळखीच्या एका मराठी काकूंचा सायंकाळी फोन आला. “अरे, पेटीवर आयटीव्ही दिसतंय, चॅनेल फोर दिसतंय, पण बीबीसीच गेली. तू सांगितलंस तसं सगळं पुसून दोनदा शोधायला लावलं.” काकूंनी केले ते बरोबरच होते. मी त्यांना पेटीच्या मागचा मॉडेल क्रमांक वाचायला सांगितला. ती डिजिटलच्या अगदी पहिल्या काळातली पेटी असून फक्त जुन्या, १७०५ वाहकांच्या पद्धतीचे प्रक्षेपण उलगडू शकते. बीबीसीच्या मल्टिप्लेक्सने काल नवी पद्धत घेतली. बाकीचे मल्टिप्लेक्स १८ तारखेपर्यंत जुन्या पद्धतीवर आहेत, म्हणून ते अजून दिसत आहेत. त्या दिवशी ही पेटी पूर्ण निकामी होईल. कितीही वेळा ट्यून केले तरी तिच्यात नवी क्षमता येणार नाही, हे फोन घेणाऱ्या प्रत्येकाने स्पष्ट सांगितले पाहिजे. नाहीतर वयस्कर माणसे उगाच स्वतःला दोष देत बसतात.

“काकू, तूर्तास बीबीसी वन टीव्हीच्या जुन्या बटणावर अजून चालू आहे, ते पाहा. आणि काकांचं वय पंच्याहत्तरच्या पुढे आहे ना? मग मदत योजनेत नाव नोंदवा.” या योजनेत ७५ वर्षांवरील आणि अपंग नागरिकांना ४० पौंडांत नवी पेटी, ती बसवून देणे आणि ती वापरायला शिकवणे हे सर्व मिळते. योजनेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे हे शिकवणे. काकूंनी शेवटी मुंबईच्या बहिणीसाठी विचारले, कारण तेथे ३० जूनपासून केबलवर डिजिटल पेटी सक्तीची होणार आहे. तेथील बदल केबलमधला आहे, हवेतल्या प्रक्षेपणाचा नाही, त्यामुळे पेटी केबलवाल्याकडूनच घ्यायची, एवढे त्यांना सांगितले.

पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यांत दोन आठवडे का ठेवले आहेत, असे आम्हाला अनेकदा विचारले जाते. त्याचे उत्तर या फोनमध्ये आहे. एक वाहिनी गेल्यामुळे घरातली कोणती यंत्रे तयार नाहीत हे कळते, आणि उरलेल्या तीन वाहिन्या चालू असेपर्यंत ते दुरुस्त करायला वेळ मिळतो.

१२ एप्रिल २०१२, गुरुवार

३० व्या चॅनेलच्या ट्रान्समीटरची चाचणी पूर्ण झाली. हा मल्टिप्लेक्स डीव्हीबी-टी२ या दुसऱ्या पिढीच्या पद्धतीचा आहे. त्याच ८ मेगाहर्ट्झ रुंदीत पहिल्या पिढीची पद्धत सेकंदाला सुमारे २४ मेगाबिट नेते, तर ही सुमारे ४० नेते, आणि म्हणून बीबीसी वन, आयटीव्ही आणि चॅनेल फोर यांची उच्च सुस्पष्ट रूपे व बीबीसी एचडी एकत्र बसतात. लंडनमध्ये ही सेवा डिसेंबर २००९ पासून कमी शक्तीवर आहे. २५६-क्वाम ही अधिक दाट पद्धत असल्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरची रेषीयता (विकृती न आणता संदेश वाढवण्याची क्षमता) इतर दोघांपेक्षा अधिक काटेकोर लागते. विकृती भरून काढणारा दुरुस्ती-वक्र ट्रान्समीटर पूर्ण तापल्यानंतरच घ्यावा, थंड असताना घेतलेला टिकत नाही.

१८ एप्रिल २०१२, बुधवार

मध्यरात्रीनंतर २६, ३० आणि तात्पुरत्या ३३ वरील अ‍ॅनालॉग बंद झाले. क्रॉयडनहून ३७ वर जाणारे चॅनेल फाइव्हही गेले. लंडनमधले अ‍ॅनालॉग दूरचित्रवाणी प्रक्षेपण येथे संपले.

आमच्याकडील कामाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण सर्व काही ४ तारखेसारखेच आणि ठरल्याप्रमाणे झाले. २६ आणि ३० दोन्हींची पातळी तक्त्याच्या एका डेसिबलच्या आत आली. ३० वर ७ मार्चची केबल बदलली नसती तर आज हे केंद्र उशिरा सुरू झाले असते. सकाळपर्यंत आमच्याकडील सर्व रिले केंद्रांवरून तिन्ही सार्वजनिक मल्टिप्लेक्स सुरू झाले.

मनोऱ्यावर मात्र सहा आहेत, आणि हा फरक मला खटकतो. व्यापारी मल्टिप्लेक्स २२, २५ आणि २८ वर थेट मनोऱ्यावरून जातात, परंतु बहुतेक रिले केंद्रांवर ते नाहीत; देशभरात ते ऐंशीच्या आसपास मुख्य केंद्रांवर आणि काही मोजक्या मोठ्या रिले केंद्रांवरच आहेत. त्यामुळे सार्वजनिक मल्टिप्लेक्स ९८.५ टक्के घरांपर्यंत आणि व्यापारी सुमारे ९० टक्के घरांपर्यंत पोहोचतात. छोट्या केंद्रांचा खर्च परवडत नाही, हे कारण व्यवहाराला धरून आहे. तरीही आज सकाळी दरीतल्या एका गृहस्थांनी, टेकडीपलीकडच्या भावाला मिळणाऱ्या वाहिन्या आपल्याला का नाहीत, असे विचारले, तेव्हा “यंत्रे बिघडलेली नाहीत, येथे त्या येणारच नाहीत” एवढेच मला सांगता आले. ही गोष्ट आधीच्या पत्रकांत ठळकपणे सांगायला हवी होती.

२० एप्रिल २०१२, शुक्रवार

मनोऱ्याच्या जवळच्या, सिडनम आणि डलिच भागांतून उलट्या तऱ्हेच्या तक्रारी आहेत. डिजिटलची शक्ती दहापट, म्हणजे १० डेसिबलने वाढली, आणि २० किलोवॅटच्या काळात लोकांनी छपरावर बसवलेले जोड-अ‍ॅम्प्लिफायर आता तिच्याखाली दबून विकृती निर्माण करतात. चित्र तुटते, म्हणून माणूस संदेश कमी आहे असे समजून आणखी मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणतो आणि त्रास वाढतो. उपाय बिनखर्चाचा आहे : अ‍ॅम्प्लिफायर काढावा. तेवढ्याने न भागल्यास संदेशाची पातळी उतरवणारा क्षीणक बसवावा. फोन घेणाऱ्या सहकाऱ्यांना पहिला प्रश्न “तुम्ही मनोऱ्यापासून किती दूर राहता?” हा विचारायला सांगितले आहे.

४ मे २०१२, शुक्रवार

एप्रिल अतोनात पावसाचा गेला, त्यामुळे खांबांवर चढण्याची कामे मागे पडली. जुनी अ‍ॅनालॉग यंत्रे एका केंद्रावरून उतरवली असून बाकीच्या केंद्रांवर त्यांचा वीजपुरवठा कायमचा तोडला आहे. नव्या केबलच्या सर्व कनेक्टरांवर पावसानंतर पुन्हा मापे घेतली. उतार कोठेही आढळला नाही.

पूर्वेकडील ब्लूबेल हिल केंद्राचा बदल जूनमध्ये आहे. तो होईपर्यंत आमच्या पूर्वेकडील दोन केंद्रांवर शेजारच्या संदेशाचा हस्तक्षेप दर आठवड्याला मोजायचा आहे आणि त्यानंतर पुन्हा एकदा. त्यासाठीचा तक्ता केंद्रांच्या खोल्यांत लावला आहे. पहिले माप सोमवारी घ्यायचे आहे.